आयसीयू आवडतं, एमएससी करायचंय, आर्मीतही जायचंय... आधी काय?

(पत्र बरंच मोठं होतं, कापून देतेय.)

"ताई, मी २४ वर्षांची आहे. बीएससी नर्सिंग केलंय, ५८ टक्के आहेत. दोन वर्षं एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूमध्ये स्टाफ आहे, हातात १७ हजार येतात. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेत. मला लहानपणापासून मिलिटरी नर्सिंगमध्ये जायचंय, पण शॉर्ट सर्व्हिसची जाहिरात कधी येते काही कळतच नाही. कॉलेजच्या मॅडम म्हणतात एमएससी कर आणि टीचिंगला लाग, नाईट सुटतील. आई म्हणते आर्मीत गेलीस तर लग्न करू देत नाहीत. बाबा म्हणतात, मी फौज बघितलीय, तू नको बघूस. शिवाय हॉस्पिटलने माझ्या ओरिजिनल मार्कशीट आणि रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट ठेवून घेतलंय, तीन वर्षांचा बाँड आहे म्हणे. आधी एमएससी करू का आर्मीची वाट बघू? धाकटी बहीण बारावी सायन्सला आहे, तिच्यासाठीही काही सांगा.
– स्टाफ नर्स, सातारा जिल्हा"

अगं, तुझं पूर्ण पत्र दोनदा वाचलं. त्यात तू आयसीयूबद्दल दीड पान लिहिलंयस, व्हेंटिलेटरवरचे आजोबा, पहाटे साडेतीनला पडलेलं बीपी, डॉक्टर यायच्या आधी तू काय काय करून ठेवलं होतंस, सगळं. आणि टीचिंगबद्दल एकच ओळ आहे, ती पण मॅडमची. म्हणजे तुला शिकवायचं नाहीये गं, तुला पेशंटजवळ राहायचंय, हे तुझं तुलाच माहितीये फक्त कुणी मोठ्या माणसाने म्हटलं की आपण मान डोलावतो. मी स्वतः नर्सिंग कॉलेजात बरीच वर्षं शिकवलंय, टीचिंग वाईट नाही, पण जिला वॉर्ड आवडतो तिने केवळ नाईट सुटाव्यात म्हणून ट्यूटर व्हायचं आणि मग आयुष्यभर लेसन प्लॅन आणि इन्स्पेक्शनच्या फायली करायच्या, यात तिचंही नुकसान आणि पोरींचंही.

आता मुद्द्याचं. तू "एमएससी की आर्मी" असं विचारतेयस जणू एक घेतलं की दुसरं गेलं. तसं नाहीये. शॉर्ट सर्व्हिस कमिशनला, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी अधिकारी म्हणून जायला, एमएससी लागतच नाही. बीएससी किंवा पोस्ट बेसिक किंवा एमएससी, यातलं काहीही चालतं, आणि स्टेट कौन्सिलचं आरएन-आरएम, म्हणजे नर्स आणि मिडवाइफ म्हणून, रजिस्ट्रेशन पाहिजे. म्हणजे तू आजच पात्र आहेस. आणि एमएससी करून गेलीस म्हणून वरच्या रँकने सुरुवात होते असंही नाही, कमिशन लेफ्टनंट म्हणूनच मिळतं, बीएससीवाली असो नाहीतर एमएससीवाली. त्यामुळे "आर्मीसाठी एमएससी" हे डोक्यातून काढ. एमएससी करायची तर तुझ्या स्वतःच्या कामासाठी कर.

वयाचं गणित बघ मग क्रम आपोआप लागतो. २०२३ च्या डिसेंबरात जी जाहिरात आली होती तिच्यात वयोमर्यादा २१ ते ३५ होती, परीक्षा जानेवारी २०२४ मध्ये एनटीए या केंद्राच्या परीक्षा संस्थेने कॉम्प्युटरवर घेतली. तू २४ ची, म्हणजे घाई नाही. पण ही जाहिरात बारावीच्या परीक्षेसारखी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येत नाही, कधी कधी मध्ये मोठी गॅप पडते, आणि आली की फॉर्म भरायला दिवस थोडे असतात. म्हणून नुसतं वाट बघत बसणं हा प्लॅनच नाही. मी अशा मुली बघितल्यात ज्या "आता येईल जाहिरात" म्हणून दुसरीकडे अर्जच करत नाहीत, आणि अशा पण बघितल्यात ज्यांना जाहिरात येऊन गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. joinindianarmy ची साईट दर आठवड्याला उघडायची सवय लाव, ग्रुपवर विसंबू नकोस.

मग या मधल्या काळात काय? तर अभ्यास. आर्मीच्या पेपरात नर्सिंग, इंग्लिश आणि जनरल इंटेलिजन्स असतं. नर्सिंगचा भाग तोच जो एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे नर्स भरतीच्या परीक्षेला, लागतो. नॉरसेटची वयोमर्यादा ३० आहे, म्हणजे खरं घड्याळ तिकडे चालू आहे तुझं, आर्मीत नाही. एकाच अभ्यासात दोन्ही बसतं. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरला पगाराची लेव्हल ७, बेसिक ४४,९००. मिलिटरी नर्सिंगमध्ये लेफ्टनंटचं बेसिक ५६,१०० आणि वर मिलिटरी सर्व्हिस पे १०,८००, डीए वगैरे वेगळं. तुझ्या १७ हजारांसमोर दोन्ही आकडे ठेवून बघ. बाय द वे, २०१६ मध्ये केंद्राच्या समितीने सांगितलं होतं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सला महिना २०,००० पेक्षा कमी देऊ नये. तुझ्या हॉस्पिटलने ते वाचलेलं दिसत नाही.

आता एमएससीबद्दल. दोन वर्षांचा कोर्स, बीएससीला ५५ टक्के आणि नंतर किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, तुझ्याकडे दोन्ही आहे. स्पेशालिटी पाच, मेडिकल-सर्जिकल, ओबीजी (बाळंतपण आणि स्त्रीरोग), चाइल्ड हेल्थ, कम्युनिटी, मेंटल हेल्थ. करायचीच असेल तर मेडिकल-सर्जिकल घे, क्रिटिकल केअरच्या बाजूने. आणि अजून एक कोर्स आहे जो कॉलेजात कुणी मुलींना सांगत नाही, नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा आहे, तोही दोन वर्षांचा आणि पोस्ट ग्रॅज्युएट, पण रेसिडेन्सी पद्धतीचा, म्हणजे बराचसा वेळ आयसीयूमध्येच जातो, वर्गात कमी. तुझं पत्र वाचून मला आधी हाच आठवला. त्याची अडचणही सांगते, कॉलेजं मोजकी आहेत आणि बाहेर पडल्यावर त्या नावाचं पद बऱ्याच हॉस्पिटलात अजून नाहीच, म्हणजे शिकून येऊन परत स्टाफच म्हणून उभं राहायची वेळ येऊ शकते. ज्या हॉस्पिटलात शिकायचं तिथे आधीच्या बॅचच्या मुली आता काय काम करतायत, किती पगारावर, हे त्यांनाच फोन करून विचार. प्रिन्सिपलना नको विचारूस.

माझं मत विचारशील तर या वर्षी एमएससी किंवा हा क्रिटिकल केअरचा कोर्स, दोन्हीचे अर्ज टाक, अ‍ॅडमिशन मिळाली तर घे, अभ्यास चालू ठेव आणि मध्येच आर्मीची जाहिरात आली तर फॉर्म भरायचाच. सिलेक्शन झालं तर? तर आर्मी. कारण एमएससी चाळिशीत पण करता येते, माझ्याकडे दोन पोरांच्या आया शिकायला यायच्या, पण ३५ नंतर तो दरवाजा उघडत नाही. फक्त अ‍ॅडमिशन घेताना कोर्स मध्येच सोडला तर उरलेली फी भरावी लागते का, सीट सोडण्याचा बाँड आहे का, हे लेखी विचारून घे, एका बाँडमधून सुटून दुसऱ्यात अडकू नकोस. आणि आत गेल्यावर पहिल्या काही वर्षांत शिकायला सोडतील असं धरून चालू नकोस. सुरुवातीची मुदत पाच वर्षांची असते, नंतर वाढवून मिळते, आणि ती पाच वर्षं बहुतेक वॉर्ड, आयसीयू, नाईट यातच जातात.

ओरिजिनल कागदांचं मात्र आज कर, बाकी सगळं त्याच्यावर अडलंय. जाहिरात आली, परीक्षा पास झालीस, इंटरव्ह्यूला बोलावलं आणि हातात झेरॉक्स, मग काय उपयोग? नर्सिंग कौन्सिलने बाँड पद्धत बंद करायला सांगून वर्षं झाली, आणि कुणाचे मूळ कागद अडकवून ठेवायचा अधिकार हॉस्पिटलला नाही, तरी हे चालूच आहे कारण मुली भांडत नाहीत. आधी साधा अर्ज दे, "उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी मूळ प्रमाणपत्रं हवी आहेत", दोन प्रती काढ, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घे. शिक्का देत नसतील तर ईमेल कर आणि स्पीड पोस्ट कर, पावती जपून ठेव. तोंडी मागत राहिलीस तर "एचआर सुट्टीवर आहे" हेच ऐकशील. तरीही नाही दिले तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे लेखी तक्रार आणि एखाद्या वकिलाची नोटीस, बहुतेक ठिकाणी नोटीस पोचायच्या आत कागद बाहेर येतात. एकटी जाऊ नकोस, बाबांना घेऊन जा, रिटायर्ड हवालदार केबिनमध्ये ताठ बसला की एचआर वेगळ्या आवाजात बोलतो. आणि हो, रजिस्ट्रेशनचं रिन्युअल चालू आहे का, आणि दहावीचं सर्टिफिकेट, आधार, डिग्री, कौन्सिल सगळीकडे नाव एकसारखं आहे का ते तपास. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे आडनाव आधी, यात भले भले अडकतात.

आता आई. आई जे म्हणते ते खोटं नाहीये, जुनं आहे. खरंच असा नियम होता, १९७७ च्या आर्मी इन्स्ट्रक्शनमध्ये, लग्न केलं म्हणून मिलिटरी नर्सिंगमधल्या बाईला काढता यायचं. सेलिना जॉन म्हणून एक लेफ्टनंट होत्या, सिकंदराबादच्या मिलिटरी हॉस्पिटलला, त्यांनी एका मेजरशी लग्न केलं आणि १९८८ मध्ये त्यांना घरी पाठवलं. नवरा फौजेत, त्याला कुणी काही विचारलं नाही. तो नियम १९९५ मध्ये मागे घेतला, पण बाई भांडत राहिल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असा नियम मनमानी आहे, बाईची कमाई आणि नोकरी तिच्या लग्नावर ठरवता येणार नाही, आणि ६० लाख भरपाई द्यायला लावली. ही बातमी आईला वाचून दाखव. लग्नाची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती आईने नाही तू विचारात घ्यायचीय. दर दोन-तीन वर्षांनी बदली. आज पुणे, उद्या उधमपूरचं कमांड हॉस्पिटल, परवा तेजपूर, नाहीतर श्रीनगरचं ९२ बेस हॉस्पिटल, नाहीतर लेह. नौदल आणि हवाई दलाची हॉस्पिटलं पण यातच येतात, त्यामुळे कुलाब्याचं नौदलाचं हॉस्पिटल अश्विनीही मिळू शकतं. नवरा फौजेतला असेल तर एकत्र पोस्टिंगसाठी अर्ज करता येतो, कराडला दुकान असलेला असेल तर तो काय दुकान उचलून लेहला येणार आहे का? स्थळ बघताना हा प्रश्न चहापोह्यांच्या वेळीच विचारायचा, साखरपुड्यानंतर नाही.

बाबांचं मला जास्त कळतंय. त्यांनी फौज बघितलीय ती जवानाच्या बाजूने. तू लिहिलंयस की ते पाय मोडून पुण्याच्या कमांड हॉस्पिटलला होते आणि तेव्हा सिस्टरांची धावपळ बघून त्यांना वाटतं लेकीने हे नको. त्यांना वाटतं ते बरोबरच आहे, धावपळ असतेच. मिलिटरी हॉस्पिटलात तू एका वॉर्डला असशील तर तुझ्या हाताखाली नर्सिंग असिस्टंट असतात, एएमसीचे (आर्मी मेडिकल कोअरचे) जवान, काही तुझ्या दुप्पट वयाचे आणि तुझ्यापेक्षा जास्त पाहिलेले, त्यांच्याकडून काम करून घ्यायचं आणि मानही ठेवायचा. कोण डेंजरसली इल लिस्टवर आहे, म्हणजे जीवाला धोका असलेला, कोण सीरियसली इलवर, म्हणजे गंभीर, ती लिस्ट रोज बदलते आणि त्या लिस्टवर नाव चढलं की पेशंटच्या घरी कळवलं जातं, कुठल्यातरी गावात कुणाच्या तरी आईला फोन जातो. त्या लिस्टमध्ये चूक चालत नाही. तुझ्या आताच्या आयसीयूत नातेवाईक बाहेर बाकड्यावर बसलेले असतात, तिथे पोरगा २२ वर्षांचा आणि घर हजार किलोमीटर लांब, बोलायला तूच. पेशंटही नुसते गोळी लागलेले असतात असं नाही हं, सिनेमा डोक्यातून काढ. जवानांच्या बायकांची बाळंतपणं, पेन्शनरांचं शुगर-बीपी, मुलांचे ताप, उंचावरून आलेल्यांचे फुफ्फुसाचे त्रास, सगळं.

बाबांना हेही सांग की लेक जवान म्हणून नाही, अधिकारी म्हणून जातेय, खांद्यावर दोन स्टार. ही सर्व्हिस काही कालची नाही. १८८८ च्या मार्चमध्ये दहा ब्रिटिश नर्सेस मुंबईला उतरल्या तिथून मिलिटरी हॉस्पिटलांमधलं नर्सिंग सुरू झालं, आणि १ ऑक्टोबर १९२६ ला इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस कायम झाली, तोच रेझिंग डे, म्हणजे स्थापना दिन. वरती मेजर जनरलपर्यंत रँक जाते. पण गोड गोडच सांगायचं नाही म्हणून हेही सांगते. इतर अधिकाऱ्यांना मिलिटरी सर्व्हिस पे १५,५०० आणि मिलिटरी नर्सिंगला १०,८००, तेवढा फरक खात्यात दर महिन्याला दिसतो. माजी सैनिक म्हणून सवलतींसाठी तर पंजाबच्या एका माजी कॅप्टन बाईंना सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, २०२४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. म्हणजे वर्दी आहे, मान आहे, पण "तुम्ही तर सिस्टर" असं ऐकवणारेही भेटतात. हे माहीत असून जावंसं वाटतंय का, ते बघ. आणि शॉर्ट सर्व्हिस म्हणजे शॉर्ट सर्व्हिस, ती नंतर संपते आणि पेन्शन धरून हिशोब करायचा नाही, त्यामुळे पहिल्या पगारापासून साठवायचं. तेव्हा मात्र ती एमएससी कामाला येते, बाहेर पडताना हातात पीजी असेल तर तू थेट आयसीयूची इनचार्ज नाहीतर सुपरवायझर म्हणून उभी राहतेस.

आता पत्रात लिहिलेली तुझी इंग्लिशची भीती. मराठी मीडियमच्या माझ्या सगळ्या मुलींना ती होती. ग्रामर पुस्तक आणून काही होत नाही, तू रोज ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सांगून ओव्हर देतेस ना, तोच ओव्हर घरी येऊन इंग्लिशमधून मोठ्याने द्यायचा. बेड नंबर चार, कितवा दिवस, काय डायग्नोसिस, व्हेंटिलेटरचं सेटिंग, कुठलं इन्फ्युजन किती एमएलने, युरिन आउटपुट, आज काय बदललं. शब्द तर तुला सगळे येतात, फक्त वाक्यं जोडायची आहेत. मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि ऐक, पहिल्यांदा लाज वाटेल. इंटरव्ह्यूत हेच विचारतात गं, तू काय काम करतेस ते सांग, आणि तिथे पाठांतर केलेली मुलगी लगेच कळते.

मेडिकलची तयारी पण आत्ताच. फॉर्म भरल्यावर नाही. हिमोग्लोबिन बघ, आमच्या नर्सेसचंच सगळ्यात कमी असतं, पेशंटला खजूर खा सांगायचं आणि स्वतः नाईटला चहा-बिस्किटावर काढायची. वजन, डोळे, दात, कान तपासून घे. काही निघालं तर उपचाराला वेळ मिळतो.

धाकटीचं सोपं आहे, तिच्यासाठी सरळ रस्ता आहे आणि तो तुला मिळाला नाही याचं मला वाईट वाटतंय. चार वर्षांचा बीएससी नर्सिंग, आर्म्ड फोर्सेसच्या सहा कॉलेजांत मिळून २२० सीट, त्यातली दोन कॉलेजं आपल्याकडेच, पुण्याचं एएफएमसी (आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज) आणि मुंबईचं आयएनएचएस अश्विनी, दोन्हीकडे ४०-४०. बाकी कोलकाता, दिल्ली, लखनौ, बंगळुरू. राहणं-खाणं, शिक्षण सरकारचं, वर स्टायपेंड, आणि पास झाल्यावर कमिशन, अर्थात सर्व्हिस करायचा बाँड लिहून द्यावा लागतो, पण हा बाँड तुझ्या हॉस्पिटलच्या बाँडसारखा नाही. यासाठी नीट द्यावीच लागते, त्या मार्कांवर शॉर्टलिस्ट करतात, मग जनरल इंटेलिजन्स आणि इंग्लिशचा कॉम्प्युटरवरचा पेपर, मानसशास्त्रीय चाचणी, इंटरव्ह्यू, मेडिकल. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्लिश घेऊन ५० टक्के, रेग्युलर विद्यार्थिनी म्हणून आणि पहिल्या प्रयत्नात, उंची १५२ सेंटीमीटर, वय १७ ते २५, आणि कोर्सला लग्न झालेलं चालत नाही. नीट म्हणजे फक्त एमबीबीएसवाल्यांची असं समजून आपल्याकडच्या मुली फॉर्मच भरत नाहीत आणि मग उन्हाळ्यात विचारतात की आता काय करता येईल. नीटचा फॉर्म आधी भरायचा असतो आणि आर्मीचा अर्ज नंतर वेगळा भरायचा असतो, नीट दिली म्हणजे आपोआप नाव जात नाही. हे तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुलींनाही सांगायला सांग.

ओरिजिनल मिळाले की मला कळव, आणि नाही मिळाले तरी कळव, पुढच्या अर्जाचा मसुदा मी करून देते.

– ताई